सत्यभामा काट्यावर

जाड बाई उपाशी असू शकते, हे कुणाला पटत नाही. डॉक्टरला पटत नाही, सासूला पटत नाही, आणि जिला सगळ्यांच्या आधी कळायला पाहिजे त्या नर्सलाही पटत नाही. ती नर्स मी. त्यामुळे ही हकीकत सांगताना मला दुसऱ्यांचा जेवढा राग येतो तेवढाच माझा स्वतःचा येतो, आणि तो मी लपवणार नाही.

साल शहाऐंशी. शिरूर कासारपासून अडीच कोसांवरच्या एका गावात, उपकेंद्रावर माझी नेमणूक झाली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत. मी नेकनूरकडची, चोवीस वर्षांची. वडिलांनी छप्पन साली धम्माची दीक्षा घेतलेली. ही बातमी एसटीतून उतरायच्या आधीच माझ्यापुढे गावात पोचली होती. सुई टोचून घ्यायला लोक खुशाल दंड पुढे करायचे, पण चहा द्यायची वेळ आली की कोनाड्यातून कान तुटलेला कप निघायचा, फक्त माझ्यासाठी ठेवलेला. मी तो चहा प्यायचे आणि कप मुद्दाम तिथल्या तिथे विसळायचे नाही. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता.

सत्यभामाच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं मला स्वतःच्या पितळी पेल्यात चहा दिला. तिची सासू सरूबाई डोळे वटारून बघत होती.

"बघत काय बसलाव आत्याबाई? चहा गार व्हतोय," सत्यभामा म्हणाली, आणि मग मी उष्टा केलेला तोच पेला नुसता धुऊन तिनं स्वतःसाठी चहा ओतून घेतला. सगळा गाव मला नर्सबाई म्हणायचा. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तरी मला मुक्ताताई म्हणायची. त्या गावात मला नावानं हाक मारणारी ती एकटीच.

सत्यभामा अंगानं चांगलीच भरलेली. दारातून आधी तिचं हसू यायचं आणि मागून ती. नांगरटीच्या दिवसांत बारा गड्यांच्या भाकऱ्या एका बैठकीत थापायची, विहिरीवरून दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चढ चढायची, तरी गावाच्या लेखी ती आयतोबाच. कीर्तनात सत्यभामेनं देवाला तराजूत बसवल्याची गोष्ट निघाली की पोरंटोरं मागं वळून हिच्याकडं बघायची. "आमची सत्यभामा बसली तर तराजू देवाघरी जाईल," असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळ्यांच्या आधी तीच हसायची. मला वाटायचं, हिला काही लागतच नाही. तसं नव्हतं. आधी हसून घेतलं की दुसऱ्याचं हसणं बोचत नाही, हा तिचा हिशेब होता.

तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि पदरात मूल नव्हतं. पहिल्या खेपेला ती माहेरी गेली, तेव्हा आईनं "दोन जिवांची हाय, दोगांचं खा" म्हणत डिंकाचे लाडू, तूप, गुळाच्या पोळ्या यांचा मारा केला. मूल पोटात दांडगं वाढलं. बाळंतपणात डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले. बैलगाडी डांबरी सडकेला लागायच्या आत सगळं आटोपलं होतं. मुलगा होता. त्यानंतर पाच वर्षं काही नाही. आणि त्या साली दिवाळीच्या सुमारास ती माझ्याकडं आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "मुक्ताताई, तिसरा म्हैना हाय. ह्या बारीला माझं लेकरू जितं पायजे. तुमी म्हणताल ते करीन. खा म्हणा, खाईन. नगं म्हणा, तोंडाला कुलूप घालीन."

मी तिला बीडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या. त्यांनी तिच्या जाडीवरून एकही टोमणा मारला नाही. म्हणाल्या, "हिच्या अंगावर आधीच भरपूर आहे, तेव्हा नऊ महिन्यांत सहा-सात किलो वाढलं तरी पुष्कळ. त्याच्या वर जाऊ देऊ नका. पण उपाशी ठेवायचं नाही, बरं का. बाळाला रोजचं ताजं अन्न लागतं, आईच्या अंगावरची साठवण त्याच्या कामाची नाही." हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, मान डोलावली, आणि पुढं पाच महिने विसरले.

परत आल्यावर मी तिला जेवण बांधून दिलं. दोन वेळा दीड-दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण नाहीतर मोडाची मटकी, भाजी. दुष्काळात हिरवा पाला कुठला? पण घरोघर हरभऱ्याची वाळवलेली भाजी असते, ती रोज. दुपारी ताक, मूठभर शेंगदाणे, एक अंडं मिळालं तर अंडं. गूळ-साखर हात राखून. बालवाडीत गरोदर बायांना सुकडी मिळायची, ती गोड, म्हणून तिला अर्धाच वाटा. संध्याकाळी मारुतीच्या पारापर्यंत दोन फेऱ्या. सत्यभामानं हे सगळं भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं. चौथी शिकलेली होती, अक्षर माझ्यापेक्षा बरं.

आता वजन. माझ्या उपकेंद्रातला काटा पंच्याहत्तरच्या पुढं गेला की सुई अडकायची. तिला तोलील असा काटा गावात एकच होता. सोसायटीचा, धान्याची पोती तोलायचा, जमिनीवर लोखंडी फळी आणि वर सरकत्या वजनाची दांडी असलेला. आणि सोसायटीचा मापाडी होता तिचाच नवरा, निवृत्ती. घरचाच माणूस म्हटल्यावर मला बरंच वाटलं.

पहिल्यांदा ती फळीवर चढली. निवृत्तीनं दांडी सोडली, वजन सरकवलं आणि सवयीनं मोठ्यानं ओरडला, "चौऱ्याऐंशी!"

"गावाला कावून सांगताव? मी काय ज्वारीचं पोतं हाय का?" ती म्हणाली. तिघंही हसलो. मी कार्डावर चौऱ्याऐंशी लिहिलं.

मापाड्याच्या कामाच्या दोन रीती त्या गावात मोडत नसत. सकाळी काट्याला हळदकुंकू लावून पहिलं माप झालं की त्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, आणि मग पुढचे आकडे. आणि दुसरी रीत अशी की, मापाड्याला कुणी रिकामा काटा दाखव म्हणायचं नाही. तसं म्हणणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं. बापजाद्यांपासून गावात कुणी तसं म्हटलं नव्हतं. माल नसताना दांडी अडकवलेली असायची, आणि ती अडकवलेलीच राहायची.

डिसेंबरात सोसायटीत चारा डेपो उघडला. पाऊस दगा देऊन गेला होता, कडबा संपला होता. माजलगावकडून उसाच्या वाढ्यांचा ट्रक यायचा आणि दर सोमवारी एका दावणीला साठ किलो चारा तोलून मिळायचा. चेअरमन अर्जुनराव खुर्ची टाकून समोर बसायचे. पांढरी टोपी, बोटात अंगठी, प्रत्येकाची विचारपूस. मलाही एकदा "नर्सबाई, काही अडचण?" म्हणाले होते. मी भारावले होते, खोटं कशाला बोलू.

चौथ्या महिन्यात सत्यभामा काट्यावर चढली. निवृत्ती ह्या वेळी ओरडला नाही. दांडीकडं बघत हळूच म्हणाला, "नव्वद."

महिन्यात सहा किलो! अख्ख्या नऊ महिन्यांची वाढ एका महिन्यात. मी तिचे पाय दाबून बघितले, सूज नव्हती. तिचा दंड एवढा की रक्तदाबाचा पट्टा बसेना, म्हणून पुन्हा बीडला नेलं. दाब चांगला निघाला. वजन गावात झालंच होतं, म्हणून तिथं मी करून घेतलं नाही. म्हणजे पाणी नाही, रोग नाही. म्हणजे खाणं. सरळ हिशेब. मी तिला म्हटलं, "भाकरी दीडवरून एक कर. सुकडी बंद."

"बरं," ती म्हणाली.

पाचव्या महिन्यात त्र्याण्णव. त्या दिवशी वजन झाल्यावर आम्ही दोघी तिच्या ओसरीवर बसलो होतो.  काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "आमचं येड ऐकलं का मुक्ताताई? घरातले नांगराचे फाळ ह्यांनी लोहाराकडं दिलेत म्हणं, धार लावाया. चारीच्या चारी. पाऊस न्हाई, नांगरट न्हाई, बैलाच्या पोटाला न्हाई, अन् फाळाला धार!" आम्ही पोटभर हसलो. नंतर मला ते हसू फार वेळा आठवलं.

मी भाकरी अर्ध्यावर आणली. शेंगदाणे बंद केले. ती एका शब्दानं बोलली नाही. उलट माझ्या नकळत तिनं सोमवार-गुरुवार धरले. सकाळी चुलीपुढं बसून घरच्यांच्या भाकऱ्या भाजायची. गरम भाकरीचा वास पोटुशी बाईला कसा लागतो, ते मला तेव्हा माहीत नव्हतं, मला मूल नव्हतं. तिच्या ताटातली अर्धी भाकरीही ती निम्मी करून टोपल्यात परत टाकायची. निवृत्ती समोर जेवत असायचा. तो ते रोज बघत होता.

सातव्या महिन्यात बायांनी डोहाळजेवण केलं. हिरवं लुगडं, फुलांची वाडी, ताटात पुरणपोळी, भजी, करंजी. सत्यभामानं दहीभाताचे दोन घास घेतले आणि ताट बाजूला सारलं. बाया एकमेकींकडं बघून हसल्या. "एवढं अंग काय वाऱ्यावर आलंय व्हय?" एक म्हणाली. "घरी जाऊन दाबून खाईल," दुसरी म्हणाली. सत्यभामा माझ्याकडं बघत होती. मी तिच्या बाजूनं काहीतरी बोलावं, एवढंच तिला पाहिजे होतं. मी बोलले नाही. कारण मनातून मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा त्र्याण्णव म्हणाला. माझा तोल सुटला. सोसायटीच्या पडवीत, निवृत्तीच्या देखत मी तिला म्हटलं, "सत्यभामा, तू चोरून काय खातेस ते खरं सांग. मला फसवू नकोस. फसवून कुणाचं नुकसान होणार आहे?"

 ती म्हणाली, "माझ्या गेलेल्या लेकराची आन हाय मुक्ताताई. रातीचं पानी पिऊन झोपते मी."

"पाणी पिऊन त्र्याण्णव होत नाही," मी म्हटलं.

निवृत्ती चाऱ्याच्या ढिगावरची दोरी गुंडाळत होता. गुंडाळतच राहिला. मी कार्डावर वजन लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सूचना पाळत नाही'. तिला वाचता येतं हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं.

आणखी एक गोष्ट कबूल करते. पोट तपासताना माझ्या हाताला मूल लहान लागत होतं. सात महिन्यांचं पोट सहाचंही वाटत नव्हतं. पण जाड पोटात हाताचा अंदाज चुकतो, असं आम्हाला शिकवलेलं, आणि आकडा तर डोळ्यांपुढं होता. मी माझ्या हातापेक्षा दुसऱ्याच्या काट्यावर भरवसा ठेवला.

एप्रिलात, आठवा सरत असताना, ती विहिरीच्या वाटेवर कोसळली. घागर फुटली म्हणून कळलं, नाहीतर भर उन्हात तिथंच पडून राहिली असती. अर्जुनरावांचीच जीप मिळाली. बीडच्या दवाखान्यात आधी वजन केलं. मोठा, ठणठणीत काटा. आयाबाईनं आकडा सांगितला, ऐंशी.

"पुन्हा बघा," मी म्हटलं.

पुन्हा ऐंशी. डॉक्टरीणबाईंनी माझं कार्ड हातात घेतलं. त्यावर महिन्यापूर्वीचे त्र्याण्णव होते, माझ्या अक्षरात. त्यांनी पोटावर हात ठेवला, तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि कार्ड माझ्यापुढं धरलं.

"ही बाई वाळत चालली आहे. चौऱ्याऐंशीची ऐंशी झाली, पोटात मूल असताना! हे आकडे कुठून आणलेत तुम्ही? आणि सूचना पाळत नाही? हिनं फार पाळल्यात, सिस्टर. म्हणून ही वेळ आली."

सत्यभामा खाटेवर सगळं ऐकत होती. तिला वाटलं असेल, आता मुक्ताताई काही सांगेल. मी कार्ड घडी करून तिच्या उशाखाली सारलं. ती छताकडं बघत पडली होती. मग तिनंच विचारलं, "फाळ किती जड असतो वं, मुक्ताताई?"

मला कळलं नाही.

"तीन किलो असतो," तिनंच उत्तर दिलं. "आन् आमचे चार."

संध्याकाळी निवृत्ती आला, टोपी हातात घेऊन. तिनं कसलीही प्रस्तावना केली नाही.

"फाळ लोहाराकडं हाईत का काट्याखाली?"

तो माझ्याकडं बघायला लागला.

"त्यांच्याकडं नगा बघू. माझ्याकडं बघा."

निवृत्ती खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला. अर्जुनरावांनी सांगितलं होतं, म्हणाला. आधी दोनच बांधले होते फळीच्या खाली, तारेनं. चारा कमी यायला लागला तसा तिसरा, मग चौथा. दर मापामागं बारा किलो वाचायचे, ते कुठं जायचे ते विचारायची त्याची टाप नव्हती. नोकरी जाईल म्हणाला. गावात तोंड दाखवता येणार नाही म्हणाला.

"ते समदं कळलं," सत्यभामा म्हणाली. "माझं वजन करताना सोडायचे व्हते. न्हाईतर घरी येऊन कानात सांगायचं व्हतं. मी कुनाला बोलले असते का?"

"तू नर्सबाईला सांगितलं असतंस. त्या सरकारच्या."

"मी भाकरी टोपल्यात टाकीत व्हते. तुमी बघत व्हताव. रोज."

निवृत्तीनं टोपी गुडघ्यावर ठेवली. मग जे बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. "मला वाटलं, जाडच हाईस. थोडं कमी खाल्लं तर काय बिघडतंय? अंगावर हाय की तुज्या."

सत्यभामा रडली नाही. तिनं तोंड भिंतीकडं केलं. चेअरमननं गावाला फसवलं, ते गावाचं नशीब. पण ह्यानं हिला रोज, ताटापुढं बसून फसवलं. आणि मला त्याचा गळा धरावासा वाटला तरी मी गप्प राहिले, कारण तो जे बोलला तेच मी पाच महिने दुसऱ्या शब्दांत बोलत आले होते.

चौथ्या दिवशी मुलगी झाली. एक किलो आठशे. कातडी सुरकुतलेली, रडणं मांजराच्या पिल्लाएवढं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जगेल की नाही ते आईच्या दुधावर आहे, आणि आईचं दूध तिच्या जेवणावर. दवाखान्यात वरण, भाकरी, भात, अंडी, केळी मिळायची. सत्यभामा सगळं खायची. पहिल्या दिवशी अख्खी भाकरी हातात घेतली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. मी तिथून उठून व्हरांड्यात गेले आणि पदर तोंडात धरून रडले.

सव्वीस दिवसांनी मुलगी दोन किलो झाली, तेव्हा सोडलं. तोवर फाळांचं कुणापाशी बोलायचं नाही, असं तिनं मला बजावलं होतं. दवाखान्याच्या कागदावर तसं लिहून शिक्का मारून दिलं. मी तिला आणायला गेले होते. सोमवार होता. सकाळच्या पहिल्या एसटीनं गावात उतरलो तर ती घराकडं वळेना.

"आधी सोसायटीत जायचंय," म्हणाली.

डेपोवर रांग लागली होती. निवृत्तीनं काट्याला हळदकुंकू वाहिलं होतं, उदबत्तीचा धूर वर चालला होता. अर्जुनराव खुर्चीवर बसले होते. सत्यभामा रांग ओलांडून थेट पुढं गेली. बाया बाजूला झाल्या. तिनं लोखंडी फळीवर दुपटं चार घड्या करून टाकलं आणि त्यावर मुलगी ठेवली.

अर्जुनराव हसले. "सत्यभामा, ही काय थट्टा? लेकरू काट्यावर ठेवत्यात व्हय?"

"मला ठेवलं तवा चाललं की," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "सोडा दांडी. सकाळचं पयलं माप हाय. म्हणा, लाभ म्हणा."

निवृत्तीचा हात हलेना.   मग मी पुढं झाले. दांडी मी सोडली. तिच्यावरचं वजन एकेक खाच पुढं सरकवत गेले. दोनवर दांडी वरच. पाचवर वरच. दहावर वरच. चौदावर ती आडवी स्थिर झाली.

त्या गावात आकडा मोठ्यानं सांगायची रीत आहे. मी सांगितला. "चौदा किलो!" आणि दवाखान्याचा कागद वर धरून म्हटलं, "हिचं वजन आहे दोन किलो. काल संध्याकाळी केलेलं."

कुणीतरी आधी हसलं. मग हसणं थांबलं. रांगेत त्रिंबक नावाचा म्हातारा शेतकरी उभा होता. फेब्रुवारीत त्याचा एक बैल दावणीला मेला होता, पोटात काही नाही म्हणून. सत्यभामानं मुलगी उचलून घेतली तसा तो गुडघ्यावर बसला, फळीखाली हात घातला, तार पिळून सोडवली आणि एकेक फाळ बाहेर काढून निवृत्तीच्या पायांपुढं मांडला. चार.

"माजा ढवळ्या उपाशी मेला, बे," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

पुढं काय व्हायचं ते झालं. अर्जुनराव म्हणाले, मापाड्यानं परस्पर केलं, आपल्याला काय ठाऊक. निवृत्तीची नोकरी गेली. नवा मापाडी आला, काट्याला नवा रंग लागला, आणि पुढच्या निवडणुकीत अर्जुनराव बिनविरोध निवडून आले. मला वाटलं होतं गाव पेटून उठेल. दोन दिवस गावानं शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी ट्रक आला.

सत्यभामानं नवरा टाकला नाही. टाकून जाईल कुठं? पण एक गोष्ट तिनं त्या दिवसापासून केली आणि मरेपर्यंत सरूबाईला ती पटली नाही. आमच्याकडं घरातली बाई शेवटी जेवते. सत्यभामा सगळ्यांच्या आधी जेवायला लागली. निवृत्तीच्या समोर बसून, दीड भाकरी, वाटीभर वरण, भाजी, भिंतीवर लिहिलेलं सगळं, शेवटच्या घासापर्यंत. तिचं ताट रिकामं झालं की मग त्याचं वाढायची. तो खाली मान घालून वाट बघत बसायचा.

मी तिच्याकडं कार्ड मागितलं होतं. 'सूचना पाळत नाही' ही ओळ खोडायची होती, खाली माझी चूक म्हणून सही करायची होती. तिनं दिलं नाही.

"राहू द्या," म्हणाली. "पोरीला वाचाया लागंल."

मला चहा तिच्याच पेल्यात मिळत राहिला. तोडून बोलली असती तर मला सोसलं असतं. ती आधीसारखंच बोलायची, फक्त दार लावून कधी काही सांगितलं नाही.

नंतर माझी बदली झाली. बदल्या होत होत मी आरोग्य केंद्रात पर्यवेक्षिका झाले, केस पिकले. दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात, गुरांच्या छावण्या लागल्या होत्या त्या दिवसांत, एका दुपारी दारात आधी हसू आलं आणि मागून एक पंचविशीची भरल्या अंगाची मुलगी. तिसरा महिना होता. तिच्या मागं सत्यभामा. थकलेली, पण डोळे तसेच. मला एवढा आनंद झाला की मी खुर्ची सरकवून उठले. ती एक किलो आठशेची पोर, माझ्या हातांनी चौदा किलो तोललेली, आता आई होणार होती आणि आईनं तिला माझ्याकडं आणलं होतं. मला वाटलं, फिटलं. पंचवीस वर्षांनी का होईना, हिनं मला माफ केलं.

मी मुलीला म्हटलं, "ये गं बाळा, चढ काट्यावर. घाबरू नकोस, हवं ते खायचं, मी सांगते तसं."

मुलगी चप्पल काढून पुढं झाली. सत्यभामानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं. काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"आधी रिकामा काटा दाखवा, नर्सबाई," ती म्हणाली.